कर्ज, कैद आणि कायदा

स्मरणिकेसाठी आपल्या विणकर समाजाच्या पूर्वेतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. समाजाचा इतिहास म्हटला की कुलदैवत, मूळ गाव, कोणत्या राजाने कोणास सनद दिली आणि कोणाच्या मागावरचे लुगडे कोणत्या वाड्यात गेले, एवढ्याचाच बहुधा विचार होतो. ते लिहिणारे आमच्याहून जाणते लोक समाजात पुष्कळ आहेत. आम्ही प्राथमिक शाळेत तीस-पस्तीस वर्षे मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या; पण आमच्याच घरातील एक सन आम्हांस साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हता. तो सन १९३३. त्यापासूनच आरंभ करतो.

आमचे तीर्थरूप वारल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तीत जमिनीच्या एका तुकड्याचा उतारा, आईच्या औषधाच्या चिठ्ठ्या आणि तळाशी, फडक्यात बांधलेले तीन कागद निघाले. पहिला कागद म्हणजे मुनसफ कोर्टाच्या दरखास्तीची नोटीस, दुसरा दिवाणी तुरुंगातून सुटका झाल्याचा दाखला, आणि तिसरा एका सुताच्या पेढीची ‘हिशेब पुरा चुकता’ अशी १९४१ सालची पावती. तिन्हींवर नाव एकच होते, आमच्या आजोबांचे. आमच्या घरात कोणी तुरुंगात गेला होता, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

आमच्या चुलत आत्या नव्वदी ओलांडून आजही शुद्धीवर आहेत. त्यांना विचारले तेव्हा प्रथम त्या बोलेनात. मग आपल्या आईच्या तोंडून ऐकलेले त्यांनी सांगितले. आजोबांच्या घरी दोन माग होते. सूत पेढीवरून उधार आणावयाचे, लुगडी विणून बाजारात घालावयाची आणि उधारी फेडावयाची, असा रिवाज होता. १९३० नंतर जगभर मंदी आली. लुगडी पडून राहिली, व्याज मात्र पडून राहिले नाही. एकशे वीस रुपयांची उधारी व्याज व खर्च धरून एकशे चौऱ्याऐंशीवर गेली. हुकूमनामा झाला, दरखास्त झाली आणि एके पहाटे बेलिफ वॉरंट घेऊन दारी आला. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी कोणाच्या घरात शिरून त्यास दिवाणी वॉरंटावर पकडावयाचे नाही, असा कायदा होता व आजही आहे. म्हणून तो उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. आजीने त्यास तांब्याभर पाणी दिले. उजाडल्यावर आजोबांनी ताणा झाकून ठेवला आणि ते त्याच्याबरोबर निघाले.

येथे कायद्याची एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. म्हणजे आजोबांचा माग, धोटा, फणी यांस हात लावण्याची धनकोस मुभा नव्हती. परंतु माग चालविणाऱ्या माणसास धरून नेण्याची होती! माग घरी राहिला, विणकर तुरुंगात गेला. कर्ज कशातून फिटावयाचे, हा प्रश्न त्या कायद्याने स्वतःस विचारला नव्हता. आजी शेजाऱ्यांच्या घरी कांड्या भरून चार आणे मिळवीत होती.

दुसरी गंमत खोराकीची. दिवाणी कैद्याच्या अन्नाचा खर्च सरकार करीत नसे. तो धनकोने महिन्याच्या महिन्याला आगाऊ भरावयाचा असे. ज्याचे पैसे बुडाले त्यानेच आणखी पैसे भरून ऋणकोस जेवू घालावयाचे! पेढीने दोन महिने खोराकी भरली. तिसऱ्या महिन्याची भरली नाही, आणि नियमाप्रमाणे आजोबा सुटले. सुटल्याने कर्ज फिटले नव्हते. त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक होऊ शकत नव्हती, एवढेच.

अटक झालेल्या ऋणकोस ‘तू नादारीचा अर्ज करू शकतोस’ असे कोर्टाने सांगावयाचे, अशीही त्या संहितेत तरतूद होती. तसे सांगितले गेले होते, असे आत्या म्हणतात. आजोबांनी मान हलविली नाही. ‘दिवाळे काढले असे आमच्या दारावर लिहून घेणार नाही, देणे आहे ते देईन,’ असे ते म्हणाले. पुढे आठ वर्षे लागली, पण दिले. तिसरा कागद त्याचाच आहे.

आता हे सारे एका घरचे गाऱ्हाणे म्हणून आम्ही स्मरणिकेत आणले नसते. परंतु त्यानंतर जे झाले ते आपल्या समाजाशी संबंधित आहे. त्याच दोन-तीन वर्षांत सत्याग्रहात तुरुंगात गेलेले तरुण सुटून येत, तेव्हा स्टेशनावर हार घेऊन माणसे उभी असत. आजोबा मागच्या बोळाने घरी आले. पुढच्या लग्नसराईत समाजाच्या पंगतीत त्यांचे पान वेगळे मांडले गेले. थोरल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. ‘तुरुंग पाहून आलेल्याची सोयरीक नको’, असा निरोप आला. दिवाणी तुरुंग आणि फौजदारी तुरुंग यांतला भेद ज्यांनी ओळखावयास हवा होता, त्या पंचांपैकी एकानेही तो ओळखला नाही. आजोबा त्यानंतर समाजाच्या सभेस कधी गेले नाहीत. जुन्या वर्गणीच्या वह्या आम्ही मुद्दाम पाहिल्या. त्यांत त्यांचे नाव नाही.

कर्जापायी कैद हा प्रकार आपल्याकडे आला कोठून, हे शोधण्याचा नाद आम्हांस तेव्हापासून लागला. जुन्या अमदानीत सावकार काही मायाळू होते असे नव्हे. तगादा होता, दारात धरणे धरून बसणे होते. परंतु दामदुपटीचा नियमही होता. मुदलाइतके व्याज झाले की त्यापुढे वाढ नाही. इंग्रजी कोर्टे आली आणि त्यांच्याबरोबर इंग्रजांची कैदेची रीत आली. इंग्लंडात कर्जदारांसाठी स्वतंत्र तुरुंगच असत. लंडनच्या मार्शलसी तुरुंगात १८२४ साली चार्ल्स डिकन्सचे वडील एका पाववाल्याचे चाळीस पौंड देणे राहिले म्हणून पडले होते, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. पुढे त्याने ‘लिटल डॉरिट’ कादंबरी लिहिली ती याच तुरुंगावर. १८६९ साली इंग्लंडने कायदा करून ही कैद बहुतांशी बंद केली. ऐपत असून जो देत नाही, त्याच्यापुरतीच ती उरली. परंतु आपल्याकडे १८५९ च्या दिवाणी संहितेने कर्जदारास दोन वर्षांपर्यंत तुरुंगात घालण्याची सोय केली होती, ती इंग्लंडातील तुरुंग ओस पडल्यावरही पुढे चालूच राहिली.

त्याचे फळ दख्खनच्या शेतकऱ्याने भोगले. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला. सारा वाढला. मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली, म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवे खत लिहून घेण्याचा परिपाठ पडला. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. मग कोर्टाचे समन्स, एकतर्फी हुकूमनामा आणि वॉरंट. प्रत्यक्ष तुरुंगात किती गेले यापेक्षा ‘तुरुंगात घालतो’ या धाकानेच अधिक काम होई. धाकाला खोराकी भरावी लागत नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. दंगेखोरांना काय हवे होते? खते व रोखे. ते मिळाले की होळी करून लोक घरी जात.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्याच्या २१ व्या कलमाने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक अथवा कैद करण्यास साफ मनाई केली. रोख्यावरचा आकडा डोळे झाकून मान्य न करता मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकारही न्यायाधीशास मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली पुढे विशेष न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून काम केले. म्हणजे जो हक्क जगाने १९६६ साली कागदावर लिहिला, तो सुप्याच्या दंग्याने चार जिल्ह्यांतील कुणब्यास सत्याऐंशी वर्षे आधी मिळवून दिला होता. पण केवळ कुणब्यास. शेतीवर पोट भरणारा तो शेतकरी, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. कोष्टी, साळी, तेली, चांभार, ज्यांचे पोट हातावर, ते बाहेर राहिले. त्यांनी दंगा केला नव्हता, हाच काय तो त्यांचा अपराध!

१९३६ साली मात्र मूळ संहितेच्या ५१ व्या कलमास एक परंतुक जोडण्यात आले. ऋणको पळून जाण्याच्या बेतात आहे किंवा त्याने लबाडीने मालमत्ता दडविली आहे. अथवा हुकूमनामा झाल्यापासून त्याच्याजवळ देण्याची ऐपत आहे किंवा होती आणि तरीही तो देत नाही. अथवा तो पैसा त्याने विश्वस्त म्हणून हाताळलेला होता. यांपैकी काही एक सिद्ध झाल्याशिवाय, आणि ऋणकोस आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन कारणे लेखी नमूद केल्याशिवाय, कैदेचा हुकूम देऊ नये, असे ठरले. स्त्रियांना तर १९०८ च्या संहितेनेच अशा अटकेतून सोडविले होते. आजोबांची कैद १९३३ ची. तीन वर्षांचा फरक!

परंतु सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल की, कायद्यात शब्द पडणे आणि कोर्टात तो शब्द पाळला जाणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. ‘ऐपत आहे किंवा होती’ यातील ‘होती’ या शब्दावर बोट ठेवून अनेक ठिकाणी पूर्वीप्रमाणेच वॉरंटे निघत राहिली. एके काळी खिशात पैसा होता, आज नाही. तरी चल तुरुंगात!

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. अठ्ठेचाळीस राष्ट्रे बाजूने, आठ तटस्थ, विरोधी कोणी नाही. भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असा करवून घेतला, हे आपल्या मुलींनी अवश्य ध्यानात ठेवावे. त्या मुंबई विधिमंडळातही होत्या आणि घटना समितीतही. परंतु जाहीरनामा हा जाहीरनामाच; त्याने कोणी बांधला जात नाही. म्हणून पुढे अठरा वर्षे घासाघीस होऊन १६ डिसेंबर १९६६ रोजी दोन करार संमत झाले. त्यांपैकी नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे ११ वे कलम एकाच वाक्याचे आहे. त्याचा आशय असा की, कराराने पत्करलेले देणे पुरे करण्याची असमर्थता एवढ्याच कारणावरून कोणासही कैदेत टाकता येणार नाही. या वाक्यातील दोन शब्द महत्त्वाचे: ‘असमर्थता’ आणि ‘एवढ्याच’. लबाडास यात संरक्षण नाही, नादारास आहे. आणि हे कलम त्या करारातील अशा मोजक्या कलमांपैकी आहे की जी आणीबाणीतही तहकूब करता येत नाहीत.

आणीबाणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हा करार २३ मार्च १९७६ रोजी जगात अमलात आला. सुमारे महिन्याभराने, २८ एप्रिल १९७६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. देशाच्या कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील तर आंतरराष्ट्रीय बंधनांशी जुळणारा अर्थ घ्यावा, हे तत्त्व त्यांनी त्या मतात मांडले होते. चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, ही गोष्ट मराठी माणसाने लपवू नये. आणि २०१७ साली तो निकाल रद्दबातल ठरविणाऱ्या नऊ न्यायाधीशांत त्यांचेच चिरंजीव होते, हीही सांगावी.

१९७७ साली राज्य पालटले. जे स्वतः स्थानबद्ध होते ते मंत्री झाले, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्या करारात सामील झाला. सामील होताना काही कलमांबाबत आपण आपला अर्थ राखून ठेवला. गंमत अशी की, त्यांत अटकेसंबंधीचे नववे कलमही होते. तुरुंग भोगून आलेल्यांसही प्रतिबंधक स्थानबद्धतेचे हत्यार टाकून देववले नाही. अकराव्या कलमाबाबत मात्र आपण काहीही हातचे राखले नाही.

येथे वाचक विचारतील, करार झाला म्हणजे कायदा झाला ना? नाही. आपल्या समाजातील एका रिवाजाने हे सहज समजेल. सरकारने परराष्ट्रांत करारावर सही करणे म्हणजे सुपारी फुटणे. शब्द गेला, मोडला तर नाचक्की होईल. पण लग्न लागलेले नाही. लग्न लागते ते संसदेने कायदा केल्यावर. आपल्या घटनेचे ५१ वे कलम सांगते की आंतरराष्ट्रीय कायदा व करार यांविषयी आदर वाढविण्याचा राज्याने प्रयत्न करावा. आणि २५३ वे कलम असे करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेस देते. काही देशांची रीत निराळी आहे. नेदरलँड्समध्ये सर्वांना बांधणारे कराराचे कलम देशाच्या कायद्यावर मात करते. इंग्लंडची रीत आपल्यासारखी, किंबहुना आपली त्यांच्यासारखी. युरोपातील मानवी हक्कांच्या करारावर इंग्लंडने १९५० साली सही केली, १९५१ साली तो कायम केला. पण त्यातील हक्क इंग्लंडच्या कोर्टात मागता येतील असा कायदा झाला १९९८ साली आणि अमलात आला २ ऑक्टोबर २००० रोजी. तोवर तेथील माणूस न्याय मागण्यास फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे जात असे. सुपारी फुटल्यावर पन्नास वर्षांनी अक्षता पडल्या!

आपल्याकडे अकराव्या कलमासाठी संसदेने वेगळा कायदा केलाच नाही. विधि आयोगाने १९७३ च्या आपल्या ५४ व्या अहवालात त्या कलमाची दखल घेतली होती. १९७६ च्या दुरुस्तीने कैदेची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आणि लहान रकमांसाठी कैद बंद झाली. पण ५१ व्या कलमाचे शब्द होते तसेच राहिले. मग हा हक्क आपल्या कायद्यात आला कसा? तो आला एका निकालाच्या वाटेने.

कोचीनच्या एका बँकेचे केरळातील कर्जदारांवर सुमारे अडीच लाख रुपयांचे येणे होते. हुकूमनामा झाला. मालमत्तेविरुद्ध कारवाई चालू होती. तरीही अटकेचे वॉरंट निघाले, आणि आज यांची देण्याची ऐपत आहे काय याची चौकशी खालच्या कोर्टाने केली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व न्यायमूर्ती पाठक यांच्यापुढे आले आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी निकाल लागला. करार सामील झाल्यास तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते.

कृष्ण अय्यर यांनी प्रथम स्पष्ट केले की, करार हा आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्याच्या आधारावर कोणास थेट कोर्टात येता येणार नाही. मग त्यांनी ५१ वे कलम हाती घेतले आणि ते कराराच्या अकराव्या कलमाशेजारी व घटनेच्या २१ व्या कलमाशेजारी ठेवून वाचले. १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणापासून, कोणाचेही स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे ठरलेले होते. तेव्हा नुसते देणे थकले म्हणून तुरुंग, ही पद्धत वाजवी कशी? ‘ऐपत होती’ याचा अर्थ असा लावला पाहिजे की, देता येत असताना कर्जदाराने दुष्ट बुद्धीने दिले नाही. आजारपण, इतर निकडी, परिस्थितीची ओढाताण हे सारे पाहिले पाहिजे. असा अर्थ घेतला की देशाचा कायदा व जगाचा करार यांत झगडाच उरत नाही. त्या इंग्रजी निकालपत्रात त्यांनी ‘दरिद्रनारायण’ हा आपला शब्द जसाच्या तसा वापरला आहे. या देशात गरीब असणे हा गुन्हा नव्हे, असा त्याचा आशय. प्रकरण ऐपतीची चौकशी करण्यासाठी खालच्या कोर्टाकडे परत गेले. कर्ज माफ झाले नाही, हेही ध्यानात घ्यावे. देणे देणेच राहिले. देह मात्र गहाण नाही, असे ठरले.

हा निकाल एका भल्या वकिलाने आम्हांस समजावून दिला, तेव्हा आम्ही तो नोटिशीचा पिवळा कागद पुन्हा काढून वाचला. त्यावर छापील मजकुरात रकमेसाठी जागा आहे, नावासाठी आहे, तारखेसाठी आहे. ‘ऐपत’ हा शब्दच त्यावर नाही.

याच वाटेने पुढे आणखी हक्क आले. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाविषयीचा करार भारताने ९ जुलै १९९३ रोजी कायम केला. नोकरीच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध तेव्हा आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. राजस्थानातील एका ग्रामसेविकेवर, बालविवाह थांबविण्याचे काम करताना, झालेल्या अत्याचारानंतर ‘विशाखा’ नावाचा खटला उभा राहिला, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कराराचा आधार घेऊन स्वतःच नियम घालून दिले. संसदेचा कायदा २०१३ साली आला. मधली सोळा वर्षे न्यायालयाच्या नियमांवर निघाली. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोग नेमले, आणि मानवी हक्कांच्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय करारांचे नावही घातले. पण ‘जे भारतातील न्यायालयांत अमलात आणता येतात असे’ ही अट घालून. आयोगाने शिफारस करावी आणि सरकारने ती पाहावी, असा तो व्यवहार आहे. आमच्या मते तो फार तोकडा आहे.

आणि अकराव्या कलमाचे तरी पुरते झाले काय? ५१ वे कलम आजही शब्दशः तसेच आहे. ‘ऐपत होती’ हे शब्द संसदेने काढलेले नाहीत. आज पाच हजारांवरील देण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत, दोन ते पाच हजारांपर्यंतच्या देण्यासाठी सहा आठवड्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोन हजारांपर्यंतच्या देण्यासाठी नाही. गरिबाचे रक्षण आहे ते निकालात, कायद्याच्या अक्षरात नाही. ज्यास वकील मिळेल आणि ज्या वकिलास निकाल ठाऊक असेल, त्याचे रक्षण होईल. आमच्या आजोबांस वकील नव्हता.

शिवाय एक नवे दार उघडले आहे, त्याविषयी समाजातील तरुणांस सांगितलेच पाहिजे. १९८८ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल १९८९ पासून, चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा झाला. त्यास आज दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे. शिक्षा कर्जाबद्दल नसून खोटा चेक दिल्याबद्दल आहे, असे कायदा म्हणतो, आणि व्यापारातील विश्वासासाठी त्याची गरज आहे हेही खरे. पण कर्ज देतानाच तारण म्हणून कोरे सही केलेले चेक घेऊन ठेवावयाचे, आणि हप्ता थकला की आकडा भरून बँकेत टाकावयाचे, असा प्रघात आज गावोगाव आहे. पूर्वी कोऱ्या कागदावर नांगराची निशाणी घेत, आज कोऱ्या चेकवर सही घेतात.

गेल्या पावसाळ्यात समाजातील एक तरुण आमच्या घरी आला. चार यंत्रमाग, त्यांपैकी दोन बंद. एका पतसंस्थेने चेक टाकला होता, वकिलाची नोटीस आली होती. तो नोटीस पुढे करून म्हणाला, ‘गुरुजी, मला बेड्या पडतील काय? बहिणीचे लग्न ठरले आहे.’ आम्ही त्यास प्रथम चहा दिला. मग सांगितले की, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे देण्यास असतात, ते वाया घालवू नकोस. हा गुन्हा तडजोडीने मिटविता येतो. आणि नोटीस घरात लपवून ठेवू नकोस, वडिलांस दाखव. त्याचे वडील आणि समाजातील दोघे जण पतसंस्थेत जाऊन बसले आणि हप्ते बांधून आले. बहिणीचे लग्न वैशाखात झाले. पंगतीत त्या मुलाचे पान इतरांच्या ओळीतच होते. आम्ही समोरच्या ओळीत बसलो होतो.

ते तीन कागद आम्ही काचेच्या चौकटीत घालून संस्थेच्या कार्यालयात दिले आहेत. ते कोठे लावावयाचे याविषयी कार्यकारिणीत मतभेद आहेत, असे कळते. लावावेत असे आमचे मत आहे, आणि आत्यांचेही. ज्या घरांत जुन्या दरखास्ती, खते, सुटकेचे दाखले फडक्यात बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते जाळू नयेत. कार्यालयात आणून दाखवावेत. वाचता येत नसल्यास, मोडी असली तरी, आम्ही रविवारी सकाळी तेथे बसतो.